बारशाची पाटी

तीन महिन्यांच्या नातवाच्या बारशाला श्रीनिवासरावांनी दारावर पाटी लावली: ‘बाळाचा पापा घेऊ नये. हात धुतल्याशिवाय पाळण्यापाशी जाऊ नये. सर्दी-खोकला असलेल्यांनी दारातूनच आशीर्वाद द्यावेत. ते आतपर्यंत पोहोचतात.’

बायका तोंडं वाकडी करत हात धुवायला गेल्या. बिबवेवाडीच्या मावशी तर शिंकल्या आणि दारातूनच परत फिरल्या.

पाहुणे गेल्यावर सून, कादंबरी, पाटी काढायला निघाली.

“राहू दे. डॉक्टर काय म्हणालेत?”

“बाळाचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. पण आईला माझ्यासारखा एचआयव्ही असला, की बाळाला तो नसला तरी साधी इन्फेक्शनंही पटकन होतात. वर्षभर जपा म्हणाले.”

“मग पाटी वर्षभर राहील.”

“अहो बाबा, सगळे तुम्हाला विक्षिप्त म्हणत होते.”

“आणि तुला?”

“मला बिचारी म्हणाले. असला सासरा मिळाला म्हणून.”

श्रीनिवासरावांनी पाटीचा सुटलेला कोपरा दाबून चिकटवला. “बाळाला एवढं का जपताय, असं विचारलं कुणी?”

“नाही.”

“मग पाटी जमली म्हणायची.”