दोन खिळे

सुंदररावांनी झेंडूची माळ फुलांच्या दुकानाच्या फळीवर परत आणून ठेवली. "पाच हात मागितलती पोरी. नव्या ट्रॅक्टरच्या तोंडाला बी पुरंना."

रुद्राणीनं मान वर केली न केली. टोपलीशेजारी तिनं कॉलेजातला जुना संगणक मांडला होता. तिनं लिहिलेला कर्नेल, म्हणजे यंत्राला उठवून कामाला लावणारा मूळ प्रोग्रॅम, तिच्या लॅपटॉपवर झकास चालायचा. या जुन्यासाठी तो वेगळा बांधून, लॅपटॉपवर भरलेली डिस्क त्याला लावली की बिचारा उठता उठताच मान टाकायचा. परीक्षा उद्या होती आणि ती या जुन्यावरच होती. वर्षाची मेहनत पाण्यात जाणार म्हणून तिला रडू फुटायचं बाकी होतं.

"मोजूनच दिली काका," ती म्हणाली. "माझ्या हातानं पाच हात."

तिची आई शिवम्मा सुईत दोरा ओवत बाहेर आली. "तुज्या हातानं का म्हनून? हात हे मापाचं नाव हाय गं, तुजा हात न्हाई." तिनं फळीच्या कडेला ठोकलेले दोन खिळे दाखवले. "ह्या खिळ्यापून त्या खिळ्यापत्तर एक हात. मोजणारं कुनी बी असू दे."

रुद्राणी बघतच राहिली. ते खिळे पिशव्या अडकवायला आहेत, असं तिला आजवर वाटायचं.

मग तिनं कपाळावर हात मारला. डिस्कवरचा प्रत्येक आकडा तिनं 'लाँग' या मापात लिहिला होता, आणि लाँग केवढा ते ज्याचं त्याचं यंत्र ठरवतं. लॅपटॉपचा चौसष्ट बिटांचा, जुन्याचा बत्तीसचा. एकानं लांब हातानं मोजलेलं दुसरा आखूड हातानं वाचत होता.

सुंदरराव बाकड्यावर चहा पीत बसले. शिवम्मा नवी माळ ओवू लागली. रुद्राणीनं एक नवी फाइल उघडली आणि नावातच रुंदी सांगणारी मापं ठरवली, यू-बत्तीस आणि यू-चौसष्ट. मग एकेक लाँग हुडकून बदलला आणि डिस्क नव्यानं भरली. माळेची शेवटची गाठ पडायला आणि जुना संगणक नीट उठायला एकच वेळ आली. पोरगी जागच्या जागी नाचली.

"आई, हे खिळे ठोकायचं डोकं कुणाचं गं?"

शिवम्मा तोंडाला पदर लावून हसू लागली. "ह्या सुंदररावांचंच. ह्यांच्या लग्नात ह्यांचाच हार आखूड पडला. मीच मोजलता, माज्या हातानं. दुसऱ्या दिशी हळदीच्या अंगानं हातोडी घेऊन आलते."