नावाखालचं गाव

"मागे कायम चालू राहायला हवं," तो म्हणाला. "फोन खिशात असला, स्क्रीन बंद असली, तरी."

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईने डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं आणि त्याचा फोन हातात घेतला. "व्हीपीएन ना, भलत्याच गावचे दाखवणारं? फोनच त्याला बंद पाडतो. बॅटरी वाचवायला बघतो बिचारा. मग तुम्ही असाल तिथलेच दिसायला लागता."

"काल दिसलो. दहा मिनिटं."

"कुणाला?"

"वडिलांना."

तिने सेटिंगमध्ये जाऊन ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलं, 'कायम चालू'वर बोट टेकवलं. "आता हे झोपणार नाही. बॅटरी मात्र दुपारीच मान टाकेल. चार्जर जवळ ठेवत जा, दादा."

तो आणि आप्पा ज्या ॲपवर बोलायचे, त्यात प्रत्येकाच्या नावाखाली तो जिथे असेल त्या गावाचं नाव बारीक अक्षरांत उमटायचं. आप्पांच्या नावाखाली त्यांचं जुनं शहर. त्याच्या नावाखाली समुद्रापलीकडचं, नदीकाठचं एक थंड शहर.

त्या थंड शहरात त्याने सहा वर्षं, एकदाही घरी न येता, जहाजांचे आराखडे काढले होते. मग कारखाना बंद झाला आणि वर्षापूर्वी तो गुपचूप परत आला. आप्पांपासून बसने चार तासांवर, फोटोंच्या फ्रेम करणाऱ्या दुकानात काच कापायला लागला. आप्पांना सांगायचं पुढच्या आठवड्यावर गेलं, मग पुढच्या महिन्यावर. 'माझा मुलगा जहाजं बांधतो' असं गल्लीभर सांगत फिरणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार?

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो दुकानाच्या माळ्यावर चढायचा. तिकडे तेव्हा सकाळ उजाडत असते, म्हणून आधी दोन जांभया देऊन आवाज जड करून घ्यायचा.

"उठलास का रे?"

"आत्ताच. बाहेर धुकं आहे, आप्पा."

"नदी दिसतेय?"

"अर्धीच. पलीकडचा काठ कुणीतरी पुसून टाकल्यासारखा."

समोर नुसते पत्रे असायचे. पण बोलता बोलता ते पत्रे विरघळायचे, धुकं खिडकीपर्यंत यायचं, आणि त्यातून ट्रामचा एकुलता एक दिवा तरंगत जायचा. खाली उतरल्यावरही हातातल्या काचेला त्या नदीचा गारवा लागायचा.

"आणि तुमचं?"

"माझं काय. पायरीवर बसलोय. लिंबाला फुलं आलीत, वास पार स्वयंपाकघरापर्यंत."

आप्पा सांगायला लागले की तो डोळे मिटायचा. पायरीचा तापलेला दगड त्याच्या तळव्यांना जाणवायचा. बापलेक आळीपाळीने एकमेकांना घरी घेऊन जायचे.

आप्पांच्या मागे घंटा वाजली. बरीच बाकं एकदम सरकली.

"समोरची शाळा," आप्पा म्हणाले. "कान किटले माझे. चल, ठेवतो. हल्ली बॅटरी दुपारीच मान टाकते."

"फोन जुना झाला असेल."

"मीही झालोच की."

तीन आठवडे सगळं सुरळीत गेलं. नावाखालचं शहर एकदाही हललं नाही, आणि तेच त्याला टोचायला लागलं. आधी खोटं बोलायचं तर निदान बटण दाबावं लागायचं. आता तो झोपलेला असतानाही फोन त्याच्या वतीने इमानेइतबारे खोटं बोलत होता.

मग एका दुपारी आप्पा म्हणाले, "तुझी ती नदी एकदा बघायला हवी होती रे. आता हे गुडघे कुठले नेतायत."

पुढच्या सुट्टीला त्याने बस पकडली.

गल्लीत दुपारची सामसूम होती, सुट्टीमुळे समोरची शाळाही बंद. घर तसंच होतं, फक्त रंग नवा. फाटकाशी उभं राहून त्याने व्हीपीएन स्वतःच्या हाताने बंद केलं आणि फोन लावला. आप्पांनी नीट बघितलं, तर त्यांच्या मुलाच्या नावाखाली आता खरं गाव होतं.

"उठलास का रे?"

"आप्पा, कुठे आहात?"

"कुठे असणार? पायरीवर. ऊन काय छान पडलंय."

त्याने पायरीकडे पाहिलं. पायरीवर कुणीच नव्हतं. फोनवर आप्पांच्या नावाखाली हेच शहर दिसत होतं.

"तिकडे पाऊस आहे का रे?" आप्पा विचारत होते. त्यांच्या मागे पुन्हा तीच घंटा वाजली, बाकं सरकली.

दार उघडलं. ओले हात पदराला पुसत एक अनोळखी बाई बाहेर आली. त्याने फोनवर तळवा दाबून धरला आणि आप्पांबद्दल विचारलं.

"ते होय," ती कौतुकाने म्हणाली. "नशीबवान माणूस. दोन वर्षांपूर्वी घर आम्हाला विकलं आणि परदेशात मुलाकडे राहायला गेले."