भिंतीपलीकडचा सूर

आत शिरण्याआधी एजंटबाईंनी दारावरची साहेबांच्या नावाची पाटी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"आई, चल ना," लेक म्हणाली. "परवाना तर जाणारच आहे, वर उशीर कशाला?"

घरं विकणाऱ्यांना परवाने देणारं, आणि प्रसंगी काढूनही घेणारं, हे सरकारी कार्यालय. आतले साहेब थर्मासमधलं कोमट पाणी घोटघोट पीत बसले होते. घसा पार बसला होता.

तक्रारदार आधी भलत्याच खोलीत घुसून मग इथे आला. डोळे तांबारलेले, शर्टाची बटणं वरखाली.

"या बाईंनी मला घर विकलं, साहेब! भिंतीपलीकडे रोज पहाटे कोणीतरी गातं. गातं कसलं, दारात रेडा अडकल्यासारखं ओरडतं!"

साहेबांना ठसका लागला. "पाहिलंय त्यांना?"

"तोंड बघायचीही इच्छा नाही!"

साहेब बाईंकडे वळले. "नियम ठाऊक आहे ना? घराचा दोष गिऱ्हाइकाला सांगायचा. माहीत असून लपवला, तर परवाना रद्द. माहीतच नव्हता म्हणालात, तर चौकशी केली नाही म्हणून रद्द."

इकडे आड, तिकडे विहीर. लेकीने डोळे मिटून घेतले. याच परवान्यावर तिचं शिक्षण झालं होतं आणि घरची चूलही पेटत होती.

"माहीत होतं, साहेब," बाई म्हणाल्या.

"आई!"

"घर विकण्याआधी मी पहाटे एकदा जाऊन बघते. कुलूप उघडलं, तर भिंतीतून सूर आला. पाऊलच उचलेना. आई गेल्यापासून मला इतक्या मायेनं कोणी हाक मारली नव्हती हो! हातात किल्ली, डोळ्यांत पाणी."

"मग यांना सांगितलं का नाही?"

"दोष सांगायची सक्ती आहे, साहेब. गुण सांगायची कुठे आहे? मालकाला कळलं असतं, तर त्याने भाव वाढवला असता."

"अहो, कान आहेत की भोकं?" तक्रारदार किंचाळला.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. हातातलं पाणी तसंच निवून गेलं.

"सुरातलं कळतं तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुरातलं नाही, साहेब. काळजातलं कळतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, निकाल सांगितला. "हा घराचा दोष नव्हे. तक्रारदाराचा कान अजून तयार नाही. परवाना कायम."

जिना उतरताना लेकीने आईचा दंड घट्ट धरला. "खरंच इतकं गोड गातो का गं तो माणूस?"

"कोण जाणे, बाई! मी तिथे गेले भर दुपारी. शेजारच्या दारावरची नावाची पाटी तेवढी वाचली होती, तेच नाव आज इथे पुन्हा वाचलं."