मुडद्याचं काम

शहाण्णव साली सेलूजवळ बेचाळीसच्या लढ्यावरच्या सिनेमाचं शूटिंग झालं. आमच्या बाबांना गोळीबारात पडलेल्या मुडद्याचं काम मिळालं. त्यांना तसं निपचित पाहून बघ्यांतल्या मायनं हंबरडाच फोडला. शॉट बिघडला आणि बाबा हसत उठले.

"अवं, शूटिंग हाये हे! काऊन रडून राह्यली?"

दुसऱ्या वर्षी बाबा वीज पडून खरंच गेले. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता.

पुढे सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून एका रविवारी तो टीव्हीवर लागला. सारा मोहल्ला आमच्या घरी जमला. बाबा दिसले, तसेच निपचित. मायनं पुन्हा तसाच हंबरडा फोडला.

मग एकदम गप्प झाली, आणि ते हसत उठायची वाट पाहत राहिली.