पातळ तळाचे बूट

विमान चालवायला शिकताना पातळ तळाचे बूट घालायचे, तरच पायाखालचं पेडल कळतं, हे सरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरी ती दर खेपेला डोंगर चढायचे जाडजूड बूट घालून हजर. "हे असले बूट घालून विमानात बसायचं नाही," सर तास रद्द करायचे आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. उडायची हौस खरी बाबांची, चष्म्यापायी राहून गेलेली. त्यांना नाही म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. आज बाबाच धावपट्टीजवळ नवं खोकं घेऊन उभे होते. "वेंधळी आहेस. म्हटलं, आपणच आणावेत." दुखऱ्या गुडघ्यांवर ते खाली बसले, तिचे बूट उतरवले, नवे चढवले आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारली. "टोचतंय का कुठे?" "नाही, बाबा." पातळ तळातून विमानापर्यंतचा एकेक खडा तिच्या तळव्यांना टोचत गेला.