केस्तूड

एस.टी.च्या थांब्यावरच्या पाटीवर ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ लिहिलेलं. जुनी अक्षरं रंगाखालून दिसतात.

विहिरीत पोहरा आधी खडकावर वाजतो, मग पाण्याला लागतो.

दुकानाच्या पायरीला टेकवलेली सायकल. सीटवर धूळ.

देवळापुढं काठी आडवी. टोकाला पितळी कळस, खाली रंगीत कापडाचे वेढे.

महाशिवरात्रीची दुपार. काठी उभी करायची, बुंधा कंबरेच्या चामडी पट्ट्यात बसवायचा आणि गावाला वेढा घालायचा. वाटेत कुठं टेकवायची नाही. विरूपाक्षच्या बापानं ती नेली, बाप थकल्यावर विरूपाक्षनं. नियम एकच. माणूस आजारी पडला तर त्याच्या नावानं दुसरा नेतो, मान त्याच्याच घरात राहतो. आपल्या मनानं सोडला, तर गेला.

पट्टा घेऊन सिद्रामप्पा उभे होते. देवळाचे पंच तेच. दुकान बंद करून विरूपाक्ष आला, पाय जरा फाकवत.

“अप्पा, यंदा मला जमायचं न्हाई.”

सिद्रामप्पांनी त्याच्या चालीकडं पाहिलं. ती चाल दोन-तीन दिवस सगळं गाव बघत होतं.

“केस्तूड झालंय न्हवं? अवघड जागी?”

गडी माणसं हसली. सिद्रामप्पाही हसले, पण मायेनं.

“त्यात लाजायचं काय? केस्तुडाचा फोड म्हंजी आजारपणच. तू नुसतं हाव म्हण. तुझा चुलतभाऊ हाय की, मलप्पा. तो तुझ्या नावानं नेईल. पुढल्या साली पट्टा तुझा.”

विरूपाक्षनं ओट्याकडं पाहिलं. बायकांत त्याची आई गुरम्मा बसली होती. शेजारी जगदेवी, तान्ह्याला पदराखाली घेऊन, खांबाला टेकून. बाळंतपणापासून ती भिंत धरूनच उठत होती. तरी गुरम्मानं नर्सबाईला सुनेचं नाव देऊन ठेवलं होतं. बायकांना लातूरच्या कुटुंबनियोजनाच्या शिबिराला न्यायला उद्या जीप येणार होती. केस्तुडाचं खोटं टिकवायचं, तर जगदेवीला त्या जीपमध्ये बसावं लागणार होतं.

गावात खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडं बघून हळूच मान हलवली. हाव म्हणा.

“केस्तूड न्हाई, अप्पा,” विरूपाक्ष म्हणाला. “आपरेशन करून आलोय. नसबंदी. लातूरला.”

मघापासून वाजणारी हलगी थांबली.

“धरून नेलं का काय, आणीबाणीतल्यावाणी?” कुणीतरी विचारलं.

“न्हाई. तिकीट काढून गेलो.”

गुरम्मानं कपाळावर हात मारला. “अरं विरूपाक्षा, ते बायांचं काम हाय!”

“चार बारी ती मरून आली, अव्वा. मी एक बारी जाऊन आलो.”

“मग आता अंगात दम ऱ्हायला का?” निवृत्ती सुतार मागून ओरडला. हशा पिकला.

“आठ दिवस जड उचलू नको म्हणलेत डॉक्टर. नवव्या दिवशी ये दुकानात. ज्वारीच्या पोत्यात बस, तुला पोत्यासगट उचलून दावतो.”

आता हशा निवृत्तीवर फिरला. सिद्रामप्पा मात्र हसले नाहीत.

“म्हंजी आजार न्हवं. आपल्या मनानं केलंस.”

“हाव. आपल्या मनानं.”

“मान जातो, विरूपाक्ष. अजून बोलणं फिरव. मी आयकलंच न्हाई म्हणतो.”

विरूपाक्षनं हात पुढं केला. पट्टा त्यांच्या हातून घेतला. बापाच्या घामानं काळं पडलेलं ते चामडं त्यानं एकदा अंगठ्यानं पुसलं आणि मलप्पाच्या कंबरेला आवळलं.

“बकल डाव्या अंगाला ओढून घे. निम्म्या वाटंत ढिलं होतंय.”

ओट्यावर जगदेवीनं पदर तोंडात धरला. गुरम्मा तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं सुनेच्या मांडीवरचं लेकरू स्वतःकडं घेतलं.

हलगी पुन्हा सुरू झाली. काठी उठली, डगमगली, उभी राहिली. मलप्पा चालू लागला. लोक पुढं, लोक मागं. विरूपाक्ष त्याच्या बाजूनं हळूहळू चालला, बाप जसा पहिल्या साली त्याच्या बाजूनं चालला होता तसा. सिद्रामप्पांनी एकदा वळून पाहिलं. बाजूला हो, असं काही ते म्हणाले नाहीत.

विहिरीच्या वळणावर मलप्पाच्या मानेच्या शिरा फुगल्या.

“अण्णा.”

“कळसाकडं बघ.”

“तिकडंच बघायलोय.” हलगीच्या आवाजात त्यानं आवाज अजून खाली आणला. “लई दुखतं का?”

“मुंगी चावल्यागत.”

वळण संपलं, मलप्पानं काठी सावरली. मग म्हणाला, “माझीबी तीन झाली.”

“वर बघ, मलप्पा.”

कार्तिकात, चौथ्या खेपेला, जगदेवीला बैलगाडीतून मुरुडच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा खाली अंथरलेला कडबा लाल झाला होता. गाडी विरूपाक्षनं हाकली होती.