मागचा ब्रेक

इंजिन धडधडलं आणि मिस्त्रीनं घाबरून ते लगेच बंद केलं. अंगणभर निळा धूर झाला. बायको दारात येऊन हसली. "अहो, एवढे लाड माझे केले असते, तर मीही अशीच चकाकले असते!" मिस्त्रीला हसू आलं नाही. टाकीतला गंज निघाला होता, एअर फिल्टरमधलं उंदरांचं बिऱ्हाड हललं होतं, वाकलेला पुढचा फोर्क बदलून झाला होता. आता फक्त मागचा ब्रेक राहिला होता. नेमका तोच तो रोज उद्यावर ढकलत होता.

मोटरसायकल दाजींची. कित्येक वर्षांपूर्वी पुलाजवळच्या वळणावर ती वळलीच नाही, सरळ कठड्यावर गेली आणि दाजी जागच्या जागी गेले. आदल्याच दिवशी मिस्त्रीनं ताईच्या अंगणात बसून गाडीचा मागचा ब्रेक दुरुस्त केला होता. पुढच्या ब्रेकला दाजी कधी हात लावत नसत. जमलेल्या लोकांपुढे ताई एवढंच म्हणाली होती, "ब्रेक लागला नाही. कालच ह्यानं केला होता." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या, तरी परवडलं असतं. मोटरसायकल तिनं मागच्या खोलीत ढकलली आणि कुलूप घातलं. मिस्त्रीनंही कधी किल्ली मागितली नाही.

त्याचं डोकं मात्र त्या ब्रेकमध्येच अडकून बसलं. ब्रेकच्या सळईच्या टोकाला एक बारीक, दोन पायांची पिन असते. ती लावायची राहिली, की सळई निसटते आणि पायाखालचं पेडल नुसतंच खाली जातं. पिन तो सगळ्यात शेवटी लावायचा, आणि त्या दिवशी नेमकी शेवटाला ताईनं जेवायला हाक मारली होती. पिन जेवणाआधी लावली, जेवणानंतर लावली, की लावलीच नाही? काही केल्या आठवेना. त्यानं आपलं गॅरेज बंद केलं आणि सुट्या भागांच्या दुकानात नोकरी धरली. ताईचा उंबरा चढायची हिंमत झाली नाही. भाची लहानाची मोठी झाली, तीही त्यानं लांबूनच पाहिली.

ताई घर बदलायला निघाली, तेव्हा मोटरसायकल भंगारवाल्याच्या गाडीवर चढली. मिस्त्रीनं भाव न करता ती विकत घेतली. लोक म्हणाले, ह्याला जुन्या गाड्यांचं वेड लागलंय. त्याला फक्त खरं काय ते बघायचं होतं. बघायची भीती वाटत होती, म्हणून त्यानं बाकीची अख्खी गाडी आधी दुरुस्त केली.

शेवटी तो चिंधी घेऊन मागच्या चाकापाशी बसला. मळाचा थर खरवडला. पिन जागेवर होती. तिचा एक पाय वर, दुसरा उलटा मुरडलेला, अगदी तो मुरडायचा तसा. त्यानं ड्रम उघडला. आतले ब्रेक शू जवळजवळ नवेच होते. मिस्त्री बायकोदेखत हमसून हमसून रडला.

सगळं पुन्हा बसवून, तसाच काळ्या हातांनी तो मोटरसायकलवरून ताईच्या नव्या घरी गेला. दारात ब्रेक दाबला, चाक जागीच थांबलं. आवाज ऐकून ताई बाहेर आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"ताई, ब्रेक चांगला होता!" तो जवळजवळ ओरडलाच. "माझ्या हातून काही राहिलं नव्हतं गं!"

"माहीत आहे मला."

ताईनं मागे वळून मुलगी आसपास नाही ना ते पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

"त्या सकाळी घड्याळ, अंगठी, पाकीट, सगळं उशीखाली काढून ठेवून गेले होते हे. ह्यांनी ब्रेक दाबलाच नाही. तुझा बाप तुला टाकून आपणहून गेला, हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगू?"

मिस्त्री एक पाऊल पुढे आला. "पण मग... माझंच नाव का घेतलंस?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं, तर त्यानं त्याच दिवशी ब्रेक उघडून दाखवला असता."